क्रँक पुली बदलून आठ महिने झाले, बेल्ट पुन्हा उतरला नाही

गेल्या पावसाळ्यात माझ्या जुन्या डिझेल गाडीचा फॅन बेल्ट सहा आठवड्यांत तीनदा उतरला. तिसऱ्यांदा उतरला तो मुंबईहून येताना, भर कसारा घाटात. शेजारी आई, बाहेर धो धो पाऊस. आधी बॅटरीचा लाल दिवा लागला, मग स्टिअरिंग एकदम जड झालं. तापमानाचा काटा हलताना दिसला तशी गाडी कडेला घेऊन बंद केली. माझ्या इंजिनाला थंड ठेवणारा वॉटर पंपही याच बेल्टवर फिरतो. "इगतपुरी गाठू, मग बघू" म्हटलं असतं तर इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) गेलंच असतं. तुमच्यावर ही वेळ आली तर कृपा करून गाडी पुढे रेटू नका.

आधीच्या दोन्ही वेळी गॅरेजवाल्याने नवा बेल्ट टाकला, दुसऱ्यांदा बेल्ट ताणून धरणारा टेन्शनरही बदलला. पण बेल्ट उतरतो कशामुळे, हे शोधलंच नाही. याचा मला आजही राग येतो.

घाटातून टो करून गाडी नाशिकमधल्या द्वारकेजवळच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे आणली. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी उतरलेला बेल्ट मागितला. त्याच्या लांबीभर जाणाऱ्या सहा धारांपैकी इंजिनाकडची कडेची धार सोलून दोऱ्यासारखी लोंबत होती. बाकीच्या पाच जवळपास नव्या. "ढिला असता तर सगळ्या धारा घासून चकाकल्या असत्या. हा एकाच बाजूला ओढला जातोय," ते म्हणाले.

मग त्यांनी क्रँक पुलीवर, म्हणजे इंजिन ज्या चाकाने बेल्ट फिरवतं त्यावर, मधल्या भागापासून बाहेरच्या कड्यापर्यंत खडूने सरळ रेघ ओढली. डिकीतला जुना बेल्ट चढवला, एसी लावून इंजिन पाच मिनिटं चालवलं आणि बंद केलं. रेघेचे दोन तुकडे झालेले! कड्यावरचा तुकडा चांगला बोटभर सरकला होता. ही पुली एकसंध नसते. मधला भाग आणि कडं यांच्यामध्ये रबर असतं, इंजिनाचे हादरे शोषायला. ते रबर सुटलं की कडं डगमगत फिरतं, जागचं सरकतं आणि बेल्टला खाचांबाहेर ढकलतं. अशा पुलीवर कितीही चांगला बेल्ट टाका, तो टिकणार नाही.

पुली बेल्टपेक्षा बरीच महाग पडली, तरी बदलली. सोबत नवा बेल्ट घेतला, तोही जुन्यावरचा आकडा जुळवून. ६पीके म्हणजे सहा धारा, आणि पुढचा आकडा म्हणजे मिलिमीटरमध्ये लांबी. दुकानदार "थोडा लांब आहे, बसेल" म्हणाला तरी घेऊ नका.

तेव्हापासून रोज अंबड-सिन्नर जाणं-येणं, वर महिन्यातून एकदा मुंबई. बेल्ट एकदाही उतरला नाही, धारा सहाही शाबूत. दर महिन्याला इंजिन बंद करून रेघ बघतो, पुसली असेल तर नवी ओढतो. थंडीत सकाळी दोन दिवस चिवचिव आली होती. चालू बेल्टच्या धारांवर लांबून पाण्याचा फवारा मारला, तर आवाज क्षणभर थांबला आणि परत आला. पाण्याने आवाज वाढला असता तर ताण कमी, असं मिस्त्रींनी सांगितलं होतं. थांबून परत येतो म्हणजे कुठलीतरी पुली तिरकी. आमच्याकडे बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा एक बोल्ट सैल निघाला. बेल्टवर मारायचा स्प्रे मात्र त्यांनी हातही लावू दिला नाही.

आता उन्हाळ्यात आयडलर पुलीतून (बेल्टला नुसती वाट देणारं चाक) बारीक घरघर येते. बेल्ट काढून हाताने फिरवली तर बेअरिंग खरखरतंय. पुढच्या सर्व्हिसला ते बदलणार आहे.