जुनं पत्र्याचं कपाट की नवं पार्टिकल बोर्डचं?

भाड्याची पहिली खोली, पैसे जेमतेम, आणि कपाट तर हवंच.

खर्च: पुण्याच्या जुन्या बाजारात (बुधवार, रविवार) भाव ठरवताना टेम्पो, हमाली आणि रंगही त्यातच धरा. साडेसहा फुटी कपाटाला गंज घासून बाहेरून रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात आणि ऑइलपेंटचे दोन द्यायला अर्धा लिटर प्रायमर, लिटरभर रंग पुरतो. नव्याचा हप्ता सोपा वाटतो खरा, पण सगळे हप्ते बेरजेत मांडून बघा.

टिकाऊपणात फरक मोठा. बोर्ड म्हणजे दाबलेला भुसा. पावसाळ्यात ओल्या भिंतीला टेकला की तळाची कडा फुगते, ती परत बसत नाही. त्यात करार अकरा महिन्यांचा! दोनदा खोलून जोडलं की बिजागरीचे स्क्रू भोकात फिरत राहतात आणि दार लोंबतं.

पत्रा गंजतो तळाशी. घेताना कपाट आडवं करून तळाला स्क्रूड्रायव्हर टोचा. आरपार गेला तर सोडून द्या. हँडल फिरवून वरखालच्या दोन्ही दांड्या सरकतात का बघा. सांध्यांत टॉर्च मारा, काळे ठिपके म्हणजे ढेकूण. घरी आल्यावर खाली चार विटा.

अरुंद जिना, तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि खोली कोरडी असेल तर बोर्डचं चालेल. ते सपाट खोक्यात येतं. दरवर्षी घर बदलणाऱ्यांनी मात्र पत्र्याचंच घ्यावं.