स्कूटरला साइड व्हील किट: मोटरसायकल सोडणाऱ्यांनी काय पाहून घ्यावं

साठीपुढच्या बऱ्याच जणांची मोटरसायकल सुटते ती वेगामुळे नाही, थांबण्यामुळे. सिग्नलला पाय टेकायचा, गुडघा ऐनवेळी लचकतो आणि बुलेटचं धूड अंगावर येतं. अशांसाठी आपल्याकडे सहज मिळणारा पर्याय म्हणजे विनागिअर स्कूटरला मागे दोन्ही अंगांना चाकं लावणारं साइड व्हील किट. चाकं एकूण चार होतात, पण गाडी वागते रिक्षासारखी: पुढे एकच चाक, मागे रुंद बूड.

उभ्या गाडीचा तोल किट चोख सांभाळतं, वळणावर मात्र नवा धोका आणतं. त्रास गुडघ्याचा, कमरेचा किंवा तोलाचा असेल आणि फिरणं शहरातल्या शहरात असेल, तर जरूर घ्या. नजर मंदावली असेल, ब्रेक दाबायला हाताला जोर नसेल, तर जास्तीच्या चाकांनी काही साधणार नाही. घाटरस्त्यासाठी आणि हायवेसाठी हे किट नाहीच.

दुकानात क्रोम आणि मडगार्ड दाखवतात. आपण आधी वाकून ब्रॅकेट पाहावा. स्कूटरचं इंजिन आणि मागचं चाक एकत्र वरखाली हलतं, म्हणून किटचा भार चॅसीच्या लोखंडी नळ्यांवरच हवा. इंजिनाच्या अॅल्युमिनियम केसिंगला धरून बसवलेलं किट परत पाठवा. खड्ड्यांचे धक्के खाऊन केसिंगला तडा जातो, आणि तो खर्च किटपेक्षा जड पडू शकतो. ब्रॅकेटच्या कोपऱ्यांत तिकोनी पट्टी वेल्ड केलेली असावी, नट नायलॉकचे, म्हणजे आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे सहज सैल न होणारे असावेत. प्रत्येक बाजूच्या चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर उत्तम. दोन्ही चाकं एकाच सरळ दांड्यावर असतील, तर डावं चाक खड्ड्यात गेलं की अख्खी गाडी डावीकडे कलते.

कुठल्या स्कूटरला बसवताय, हेही बघा. अॅक्टिव्हा ६जीचं मागचं चाक १० इंची, जुपिटरचं १२ इंची. एकाचं किट दुसऱ्याला ‘थोडं अॅडजस्ट करून’ बसवू देऊ नका. जुपिटर १२५ आणि २०२४ पासूनच्या नव्या जुपिटर ११० ची पेट्रोलची टाकी पाय ठेवायच्या फळीखाली असते. तिथे ड्रिल किंवा वेल्डिंग करतो म्हणणाऱ्या फिटरला नमस्कार करून निघावं.

खरी मेख उंचीच्या सेटिंगमध्ये आहे. इंजिनाची ओढ आणि मागचा ब्रेक, दोन्ही मधल्या, म्हणजे स्कूटरच्या मूळ मागच्या चाकावर. बाजूची चाकं जास्त खाली बसवली की मधलं चाक हलकं होतं आणि ओल्या फरशीच्या रॅम्पवर जागच्या जागी गरगरतं. बाजूची चाकं उंचवट्यावर आणि मधलं खड्ड्यात आलं, तरी तेच. उलट बाजूची चाकं फार वर ठेवली तर गाडी या अंगावरून त्या अंगावर डुलते. म्हणून सेटिंग चालवणारा सीटवर बसलेला असतानाच करून घ्यावं; रिकाम्या गाडीवर केलेलं चालत नाही. मधला टायर नीट दबलेला दिसला पाहिजे, आणि बारीक खडीवरून गाडी न घसरता सुटली पाहिजे. जमलं नाही तर पैसे देण्याआधीच पुन्हा करायला लावा.

आता चालवणं. तीस-चाळीस वर्षांची मोटरसायकलची सवय इथे आड येते. मोटरसायकल वेगात असताना आपण नकळत उजवी मूठ पुढे ढकलतो, गाडी उजवीकडे झुकते आणि वळते. ही गाडी झुकतच नाही. उजवीकडे जायचं तर हँडल सरळ उजवीकडे फिरवावं लागतं, आणि अंग वळणाच्या आतल्या बाजूला न्यावं लागतं. जुन्या सवयीने मूठ ढकलली तर गाडी भलतीकडेच जाते. वेग वळणाआधी उतरवा, वळणात नको. सरळ रस्त्यावरही ४० च्या आत बरं.

दुसरी सवय डाव्या हाताची. क्लच समजून डावा लिव्हर करकचून दाबला जातो आणि तो असतो ब्रेक. कॉम्बी ब्रेकच्या स्कूटरमध्ये त्याच लिव्हरने पुढचाही लागतो, गाडी धाडकन थांबते. तिसरी सवय सगळ्यात दुखरी: थांबताना पाय खाली टाकणं. गाडी हळू पुढे सरकत असेल तर मागून येणारं बाजूचं चाक टाचेवर चढतं. मोकळ्या मैदानात पाय फळीवरच ठेवून थांबायचा आणि आठचा आकडा काढायचा सराव होईपर्यंत रहदारीत जाऊ नये.

आपले रस्ते कडेला उतरते असतात. दोन चाकांवर ते जाणवत नाही. इथे गाडी सतत डावीकडे ओढते आणि उजवा खांदा भरून येतो. स्पीडब्रेकरच्या कडेच्या फटीतून निसटायचं सुख संपलं, तो सरळ आणि सावकाश ओलांडायचा. किट ठरवण्याआधी सोसायटीच्या फाटकाची आणि नेहमीच्या बोळाची रुंदी टेपने मोजून घ्या.

रिव्हर्सचा विचार बहुतेक जण बसवून झाल्यावर करतात. वजन वाढलेली गाडी बसल्या बसल्या पायाने मागे रेटणं दुखऱ्या गुडघ्यांना जमत नाही. पेट्रोल स्कूटरला वेगळा रिव्हर्स गिअर बसवून मिळतो. चेतक, आयक्यूब, एथर यांसारख्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या बहुतेक मॉडेलना रिव्हर्स आधीच असतो. त्यांवर किट बसवायचं तर वॉरंटी टिकते का, हे शोरूमकडून लेखी घ्या.

कागदपत्रांत हयगय नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीतला बदल आरटीओत कळवून आरसीवर नोंदवावा लागतो. परवानगीत न बसणाऱ्या बदलाला २०१९ च्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही ठेवलं आहे. ‘अॅडाप्टेड व्हेइकल’ (गरजेप्रमाणे बदललेलं वाहन) ही कायद्यातली व्याख्या शारीरिक व्याधी किंवा अपंगत्व असलेल्यांसाठी आहे. नुसतं वय पुरेसं नाही. दिव्यांग प्रमाणपत्र नसेल तर किट घेण्याआधी आरटीओत विचारावं, नंतर नव्हे. लायसन्सवरही ‘अॅडाप्टेड व्हेइकल’ हाच वर्ग लागतो. विमा कंपनीलाही कळवा: दिव्यांगांसाठी बदललेल्या गाडीची आरसीवर नोंद असेल तर ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात ५० टक्के सूट आहे. हेल्मेट मात्र सुटत नाही.

देखभालीत पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळून घ्या, मग दर सर्व्हिसिंगला. बाजूचं चाक वरून-खालून धरून हलवा. खटखट वाजलं तर बेअरिंग गेलं. दोन्ही बाजूंची हवा सारखीच ठेवा, नाहीतर गाडी एकीकडे ओढेल. जादा वजनाने ड्राइव्ह बेल्ट आणि रोलर लवकर झिजतात, पिकअप पडला की आधी तेच पाहा. डावीकडची किक नव्या मडगार्डला अडते का, हेही तपासा. अडत असेल तर बॅटरीवरच सगळी भिस्त.

आणि पंक्चर. अॅक्टिव्हाचं मागचं चाक काढायला सायलेन्सर उतरवावा लागतो, त्यात आता किटचा दांडा आडवा. किट न सोडता चाक निघतं का, हे फिटरला दुकानातच काढून दाखवायला सांगा. मेन स्टँड काढून टाकलेला असेल तर जॅक कुठे लावायचा, तेही त्याच वेळी विचारून घ्या.