एनएचएलची तिकीटकमाई: खुर्च्या मोजायच्या की वाटा काढायचा?

उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या आइस हॉकी लीगला तिकिटांतून किती मिळतं, याचा अंदाज दोन रीतींनी बांधता येतो.

पहिली रीत खुर्च्यांवरून. ३२ संघ, प्रत्येकाचे घरच्या मैदानावर ४१ सामने, म्हणजे १,३१२ सामने. सामन्याला सरासरी १७ हजार प्रेक्षक धरले, तर सुमारे २.२३ कोटी तिकिटं होतात. इथवर हिशेब ठीक. घोडं अडतं ते दरापाशी. ८० डॉलर धरले तर जवळपास १७८ कोटी डॉलर. दर दहा डॉलरनी चुकला की उत्तर २२ कोटींनी हलतं! त्यात वेबसाइटवर दिसणारे भाव बरेचदा पुनर्विक्रीचे असतात. वरचा नफा संघाला मिळेलच असं नाही. टोरांटोच्या संघाचा चढा दर सगळ्या लीगला लावणं तर शुद्ध भाबडेपणा. प्रेक्षकसंख्येचंही तसंच: ॲरिझोनाचा संघ २०२२ ते २०२४ विद्यापीठाच्या जेमतेम पाच हजार आसनांच्या रिंकमध्ये (बर्फाच्या मैदानात) खेळत होता.

दुसरी रीत एकूण उत्पन्नावरून. २०२३-२४ मध्ये ते ६०० कोटी डॉलरच्या पुढे होतं. तिकिटांचा वाटा ३० टक्के मानला तर १८० कोटी, ४० मानला तर २४०. झटपट होतं, पण टक्का कुणी ठरवायचा?

मला पहिली रीत पटते, कारण तिच्यातली चूक शोधता येते. फक्त प्लेऑफचे, म्हणजे नेहमीच्या हंगामानंतर विजेतेपदासाठी होणारे सामने वेगळे मोजा. तिथे दर चढे असतात.