द बँडचा 'ब्राउन अल्बम', २०१९चा मिक्स: आठ महिने ऐकल्यानंतर

'ब्राउन अल्बम' म्हणजे 'द बँड' या रॉक ग्रुपचा १९६९चा, तपकिरी वेष्टनातला अल्बम; २०१९मध्ये त्याचा रिमिक्स निघाला. आधी एक गैरसमज काढून टाकू. रिमिक्स म्हटलं की आपल्याकडे जुन्या गाण्याखाली घुसडलेला ढिनचाक ठेका आठवतो. इथे तसलं काही नाही. १९६९च्या मूळ मल्टिट्रॅक टेपवरून (म्हणजे जिच्यावर वाद्यं वेगवेगळ्या पट्ट्यांवर ध्वनिमुद्रित असतात) मिक्सिंग इंजिनिअर बॉब क्लिअरमाउंटन यांनी प्रत्येक वाद्याची पातळी आणि जागा नव्याने लावली आहे, इतकंच. दोन तबकड्या, १८० ग्रॅमच्या, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाच्या (नेहमीची एलपी ३३⅓ची असते). गाणी १२.

हा ४५चा वेगच पहिल्या दिवशी घोळ घालतो. बऱ्याच टर्नटेबलांवर बेल्ट हाताने मोटरच्या मोठ्या खाचेवर सरकवावा लागतो. विसरलात तर सूर पाच अर्धस्वरांनी उतरतो आणि गायक-ड्रमर लेव्हन हेल्म गुंगीचं औषध घेतल्यासारखा गातो. मोबदला मात्र चांगला मिळतो: तबकडीवरची खाच सुईखालून ३५ टक्के जास्त वेगाने सरकते, त्यामुळे लेबलजवळच्या गाण्यातही 'स' चिरकत नाही. दर ११-१२ मिनिटांनी उठून बाजू बदलणं आलंच.

बहुतेक रेकॉर्डिंग लॉस एंजेलिसला, गायक-नट सॅमी डेव्हिस ज्युनियर यांच्या बंगल्यातल्या पूलहाउसमध्ये (पोहण्याच्या तलावाजवळच्या छोट्या घरात) झालं. उरलेलं न्यूयॉर्कच्या हिट फॅक्टरी स्टुडिओत. ड्रम्स कोरडे आहेत. घुमणं नाही, नुसतं 'ठप्प'. खरी करामत आहे ती वाद्यांच्या अदलाबदलीत.

'रॅग मामा रॅग' घ्या. यात बास गिटारच नाही. बासवाला रिक डँको फिडल घेऊन बसलाय, ड्रमर हेल्म मँडोलिन वाजवतोय, ड्रम्सवर पियानोवाला रिचर्ड मॅन्युएल, आणि ऑर्गन सोडून पियानोवर गार्थ हडसन. खालचे स्वर निर्माता जॉन सायमन ट्यूबावर, म्हणजे पितळी भल्यामोठ्या बाजावर, फुंकतो. फुंकलेला स्वर तारेसारखा टचकन सुटत नाही, फुगत येतो. त्यामुळे ठेका किंचित मागे रेलतो आणि मॅन्युएलचे सैलसर ड्रम्स त्यात चपखल बसतात. सराईत हातांनी हे गाणं गुळगुळीत झालं असतं. नव्या मिक्समध्ये ट्यूबाआधीचा श्वास घेण्याइतका अवकाशही जाणवतो. 'अप ऑन क्रिपल क्रीक'मधलं ते बेडकासारखं डराँव डराँव बरेच जण मोरचंग समजतात; ते वा-वा पेडलमधून (पायाने स्वर 'वा-वा' असा वळवणाऱ्या यंत्रातून) काढलेलं क्लॅव्हिनेट, म्हणजे एक इलेक्ट्रिक कीबोर्ड, आहे.

आता तक्रार. जुन्या मिक्समध्ये वाद्यं एसटीतल्या प्रवाशांसारखी एकमेकांवर रेललेली होती. इथे प्रत्येकाला खिडकी मिळालीय. कोण काय वाजवतंय हे शिकायला उत्तम, पण 'किंग हार्वेस्ट'ची घुसमट पातळ झाली, आणि ती घुसमट हेच त्या गाण्याचं काम होतं. 'रॉकिंग चेअर'ला ड्रम्सच नसल्याने त्याचं काही बिघडत नाही, उलट गळे सुटे झाल्याने ते जास्त उघडतं.

बास जड आहे. स्पीकर भिंतीला टेकवून ठेवलेत तर ट्यूबा आणि बास ड्रम यांचा एकच लगदा होतो. भिंतीपासून ३०-४० सेंटीमीटर पुढे आणा. टर्नटेबल स्पीकरच्याच फळीवर असेल तर सुई ती थरथर उचलते आणि हुंकार सुरू होतो, तेव्हा फळी वेगळी हवी.

लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीत 'आरएल' कोरलेली १९६९ची अमेरिकी प्रत, म्हणजे जिच्या मूळ तबकडीवर बॉब लुडविग यांनी खाच कापली ती, कुणाकडे धड अवस्थेत असेल तर त्यांनी हा संच घेऊ नये. तबकडी पुसायचा चांगला ब्रश घ्यावा.