मॉर्गन्स वंडरलँड, सॅन अँटोनियो: खुर्चीतून न उतरवता मुलाला खेळवणारी बाग

दिव्यांग मुलाला खेळायला नेणं म्हणजे बहुतेक ठिकाणी नुसती उचलाउचल. चाकांच्या खुर्चीतून काढा, पाळण्यात बसवा, पट्टे आवळा, पुन्हा उचला. मूल पंचवीस-तीस किलोचं झालं की आईवडिलांची कंबर जाते आणि बागेत जाणंच बंद होतं. टेक्सासमधल्या या बागेचं मोठेपण हेच, की इथे मूल आपल्या खुर्चीसकट खेळतं.

गॉर्डन हार्टमन यांनी घरबांधणीचा व्यवसाय विकून 2005 मध्ये कुटुंबाची धर्मादाय संस्था काढली. तिनेच दगडाच्या जुन्या खाणीच्या जागेवर 25 एकरांत ही बाग उभी केली आणि 2010 मध्ये ती सुरू झाली. नाव त्यांच्या मुलीचं, मॉर्गनचं. दिव्यांग पाहुण्याला प्रवेश मोफत, सोबतच्यांना तिकीट. मोफत असला तरी पास आधी ऑनलाइन काढून ठेवा. बाग वर्षभर रोज उघडी नसते, म्हणून ह्यूस्टनहून तीन तास गाडी हाकण्यापूर्वी त्यांचं कॅलेंडर पाहा.

मेरी-गो-राउंडमध्ये खुर्चीसाठीची जागासुद्धा शेजारच्या घोड्यासारखी वरखाली होते. भाऊ घोड्यावर आणि बहीण खुर्चीत, दोघं एकाच फेरीत. आगगाडी आणि आकाशपाळण्यातही खुर्ची थेट आत जाते. खुर्चीचे झोके मात्र नीट समजून घ्या. उतरणीवरून खुर्ची झोक्याच्या फळीवर चढवायची, ब्रेक लावायचे, मग उतरण बंद करायची. दोन्ही ब्रेक स्वतः हाताने तपासा. ब्रेकचा रबर झिजलेला असेल तर झोका मागे जाताना खुर्ची सरकते. मोटरची खुर्ची असेल तर मोटर बंद करा, कारण कोपराचा धक्का लागून जॉयस्टिक हलू शकते. मूल मानेला सैल असेल तर डोक्याचा आधार लावल्याशिवाय झोका देऊ नका.

खरी तयारी लागते ती शेजारच्या पाण्याच्या बागेला. इन्स्पिरेशन आयलंड 2017 मध्ये सुरू झालं. मोटरच्या खुर्चीची बॅटरी आणि वायरिंग भिजवून चालत नाही, म्हणून पिट्सबर्ग विद्यापीठाच्या साथीने दाबाखालच्या हवेवर चालणारी ‘न्यूचेअर’ तयार झाली. वजन साधारण 80 पौंड. टाकी 10 मिनिटांत भरते. बॅटरीच्या खुर्चीला चार्जिंगला आठेक तास लागू शकतात, हे लक्षात घेतलं की या कल्पनेचं मोल कळतं. पण इथे मुलाला खुर्ची बदलावी लागते. पाठीच्या बाकामुळे जिची बैठक मापाने बनवून घेतली आहे अशा मुलीला दुसऱ्याची खुर्ची सहजासहजी मानवत नाही. ती एका बाजूला कलते आणि अर्ध्या तासात दमते. भिजला तरी चालेल असा छातीचा पट्टा आणि दोन-तीन टॉवेलच्या गुंडाळ्या बरोबर ठेवा. गार पाण्याने ज्यांचे स्नायू आखडतात, त्यांना आधी तिथल्या रेनबो रीफ या भागात न्या. तिथलं पाणी कोमट असतं.

स्वमग्न मुलांसाठी सकाळी गेट उघडतानाची वेळ उत्तम. आवाज आणि गर्दी वाढायच्या आत आगगाडी उरकून घ्या, मग सेन्सरी व्हिलेज, म्हणजे स्पर्श-आवाजाच्या खेळांचा भाग. संगीताच्या बागेत वाद्यं वाजवता येतात, आणि ज्याला बोलता येत नाही ते मूल तिथे बराच वेळ रमतं. बागेत मिळणारा मनगटी पट्टा अजिबात टाळू नका. मूल नजरेआड झालं तर त्यावरून शोधता येतं.

उणिवाही आहेत. थरारक राइड्स हव्या असलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला इथली चक्रं संथ वाटतील. जुलै-ऑगस्टमधलं टेक्सासचं ऊन भयंकर असतं. खुर्चीचे धातूचे भाग आणि काळं रेक्झिन तापतं, आणि पायाला संवेदना नसलेल्या मुलाला चटका बसलेला कळतही नाही. बैठकीवर सुती कापड घाला आणि दर तासाला त्वचा पाहा.

मोफत प्रवेशामुळे बागेला दरवर्षी दहा लाख डॉलरहून जास्त तूट येते, असं हार्टमन यांनी सांगितलं आहे. ती देणग्यांतून भरून काढतात. नोकरवर्गापैकी सुमारे एक तृतीयांश लोक स्वतः दिव्यांग आहेत. म्हणून राइडवर एखाद्याला उत्तर द्यायला वेळ लागला तर घाई करू नका, आणि परवडत असेल तर तिकिटाबरोबर थोडी देणगीही द्या.