उद्यम नोंदणी: फुकट मिळते आणि उपयोगीही पडते

घरगुती मसाल्यांचा व्यवसाय सुरू करताना मी केंद्र सरकारची उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीची ऑनलाइन नोंदणी केली, आणि दोन वर्षांच्या वापरानंतर ही सेवा नवउद्योजकाने पहिल्याच आठवड्यात घ्यावी असे माझे मत झाले आहे. १ जुलै २०२० पासून सुरू असलेल्या या नोंदणीला शुल्क नाही, कागदपत्रे चढवावी लागत नाहीत आणि नूतनीकरणाची कटकटही नाही. आधारशी जोडलेला मोबाइल व पॅन हाताशी असले की अर्ध्या तासात काम होते. मी मात्र आधी एका एजंटाला यासाठी दीड हजार रुपये मोजले होते, हे आता सांगायलाही लाज वाटते.

अर्जात व्यवसायाचा पाच अंकी संकेतांक निवडताना घाई करू नये. मसाला दळून, पुड्या भरून विकणारा उत्पादक ठरतो. तयार माल आणून विकणारा व्यापारी ठरतो, आणि व्यापाऱ्याला या नोंदणीचा लाभ मुख्यतः प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरताच, म्हणजे बँकांना ठरावीक क्षेत्रांना द्यावेच लागते अशा कर्जापुरताच मिळतो.

खरा उपयोग उधारी वसूल करताना कळतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. मी बिलावर उद्यम क्रमांक आणि त्याखाली ही मुदत छापू लागले, तेव्हापासून ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणारे दुकानदार निदान तारीख तरी सांगतात.