शॉर्टहँडची स्वरचिन्हं: आठ महिने गिरवल्यावर

18 ऑगस्ट 2025 ला कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि पुढच्याच महिन्यात मी इंग्लिश शॉर्टहँडला नाव घातलं. लघुटंकलेखकाला मिनिटाला 80 शब्द लागतात, निम्नश्रेणी लघुलेखकाला 100, उच्चश्रेणीला 120. त्यामुळं क्लासमध्ये पहिल्या दिवसापासून स्पीडचाच धोशा. स्वरांना जेमतेम एक आठवडा मिळाला. "पुढं सोडायचेच आहेत, घोकताय कशाला?" असं सांगितलं गेलं. मी ते खरं मानलं आणि अडीच महिने हातचे घालवले.

आम्ही शिकतो ती पिटमन पद्धत 1837 सालची. तिचा पाया स्पेलिंग नाही, उच्चार आहे. व्यंजनाला स्ट्रोक, म्हणजे एक रेघ, आणि स्वराला त्याच्या शेजारी डॉट नाहीतर डॅश. जागा तीन: स्ट्रोकची सुरुवात, मध्य, शेवट. दीर्घ स्वर ठळक, ऱ्हस्व स्वर फिका. सहा दीर्घ लक्षात ठेवायला 'पा मे वी ऑल गो टू' हे वाक्य, सहा ऱ्हस्वांना 'दॅट पेन इज नॉट मच गुड'. एवढं दोन दिवसांत पाठ होतं. अडतं ते पुढं.

'टी' आणि 'ईट' घ्या. स्ट्रोक एकच, उभी रेघ. डॉटही एकच, ठळक, तळाशी. उजवीकडं दिला तर 'टी', डावीकडं दिला तर 'ईट'. आपल्याला हे जड जातं, कारण आपली पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर बोलायची. इथं जी बाजू तोच क्रम. आडव्या स्ट्रोकला वर म्हणजे आधी, खाली म्हणजे नंतर. आणि 'एल'सारखा स्ट्रोक खालून वर जात असेल, तर पहिली जागा तळाशी येते, कारण जागा पेन्सिल टेकते तिथून मोजायची. 'लॉ'चा डॅश मी महिनाभर वर देत होते.

शेजारच्या काकू स्टेनो म्हणून निवृत्त झाल्यात. त्यांनी माझी वही बघितली आणि 'टिप' या शब्दावर बोट ठेवलं. "हा डॉट कुणाचा गं? टीचा का पीचा?" मी टीच्या शेवटाला दिला होता. दोन स्ट्रोकच्या मधला तिसऱ्या जागेचा स्वर दुसऱ्या स्ट्रोकच्या आधी द्यायचा असतो, म्हणजे तो पीचा. 'टेप'चा मात्र टीचा, कारण दुसऱ्या जागेचा दीर्घ स्वर पहिल्याच स्ट्रोकला लागतो. मला हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

त्या दिवसापासून डिक्टेशन बंद केलं आणि दीड महिना फक्त स्वर घातले. सगळ्यात जास्त कस लागला तो कानाचा. 'पेन' लिहायचं आणि 'पेन' दुखायचं, आपल्या तोंडी दोन्ही सारखंच. शॉर्टहँडमध्ये पहिल्याला फिका डॉट, दुसऱ्याला ठळक. काकू शब्द म्हणायच्या, मी नुसतं 'दीर्घ' की 'ऱ्हस्व' एवढंच सांगायचं.

स्वर सोडायचे असतात हे खरंच आहे, सगळे देत बसलं तर 80 सुद्धा गाठणार नाही. पण सोडलेला स्वर आउटलाइनच्या, म्हणजे शब्दाच्या जोडलेल्या स्ट्रोकच्या, जागेत राहतो. 'टॅप' वहीच्या लाइनच्या वर, 'टेप' लाइनवर, 'टिप' लाइन छेदून. शेवटी स्वर असेल तर आउटलाइनच बदलते: 'पेन'ला एनचा हूक (स्ट्रोकच्या टोकाला छोटा आकडा), 'पेनी'ला एनचा पूर्ण स्ट्रोक, 'पिट'ला पीचा अर्धा स्ट्रोक, 'पिटी'ला पी आणि टी दोन्ही पूर्ण. स्वर मनात पक्का नसेल तर हात योग्य जागी पडणारच कसा?

आणि काही ठिकाणी तो द्यावाच लागतो. एका पॅसेजमध्ये शाहू महाराज 1884 साली कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक आले, असं होतं. मी टाइप केलं 'ॲडॅप्टेड'. 'ॲडॉप्ट' आणि 'ॲडॅप्ट' दोन्हींचा सांगाडा एक, मधला स्वरही पहिल्याच जागेचा, फरक फक्त फिका डॅश की फिका डॉट. कोल्हापुरात राहून हे वाक्य चुकवलं, याचं फार वाईट वाटलं. दत्तकपत्राच्या खटल्यात असं झालं तर निकालाचा अर्थच फिरेल. तेव्हापासून हा शब्द मी स्वराशिवाय लिहीत नाही.

साहित्याचं थोडक्यात: बॉलपेन नको. त्यात ठळक-फिका फरक उतरत नाही. मी एचबी पेन्सिल वापरते, तासाला दोन तासून ठेवते. टोक बोथट झालं की फिका डॉटही ठळक दिसायला लागतो आणि वाचताना फसगत होते.

आता 80 ला पॅसेज बसतो आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या दिवशी माझं मला वाचता येतं. नव्यानं शिकणाऱ्यानं स्वरांना निदान सहा आठवडे द्यावेत, क्लास घाई करत असला तरी. माझं सध्या 'डायरी', 'लॉयल' असल्या शब्दांवर काम चाललंय. 'आय', 'ऑय' अशा जोडस्वराला आणखी एक स्वर लागला की बारीक टिक द्यायची असते, आणि वेगात ती अजून चारातली एक तरी सुटते.